कोंबड्या मारणारा राखणदार

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मोहोळ तालुक्यातल्या एका शेतवस्तीवरून एका ताईंनी लिहिलंय. यजमान सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी घरी येतात. वस्तीवर ताई, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. अकरा उस्मानाबादी शेरडं, तीस-बत्तीस गावरान कोंबड्या आणि दोन कुत्री. चंपी ही जुनी गावठी कुत्री, ‘जी नुसती भुंकते’. राजा वर्षभराचा, कारवान जातीचा. गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरून लांडग्यानं दोन करडं नेली, म्हणून यजमानांनी त्याला पैसे मोजून आणला. महिन्यापूर्वी राजानं भरदिवसा तीन कोंबड्या मारल्या. सासूबाईंनी त्याला बडवलं, एक मेलेली कोंबडी दिवसभर त्याच्या गळ्यात बांधून ठेवली आणि ‘वाया कशाला घालवायच्या’ म्हणून उरलेल्या दोन त्यालाच टाकल्या. पंधरा दिवसांनी सकाळी खुराड्यात चार कोंबड्या मेलेल्या सापडल्या: मुंडकी गायब, धडं जागेवर, दाराची कडी लावलेली, मागच्या पत्र्याखाली हात जाईल एवढी फट. त्या रात्री राजा सुटा होता. त्यानंतर त्यानं एका करडाचा पाठलाग करून पायाला दात लावले. तेव्हापासून तो चोवीस तास साखळीला आहे. सासूबाई म्हणतात, रक्ताची चटक लागलेलं कुत्रं सुधरत नाही, हायवेला सोडून या. भावकीतल्या एकानं विष सुचवलं. यजमान फोनवरून सांगतात, राजा ठेवायचाच. ताई विचारतात, काय करू? ताजा कलम: दोन कोंबड्या खुडूक झाल्यात, या उन्हात अंड्यावर बसवू का?

ताई,

आधी त्या चार कोंबड्यांचं बघू, कारण राजाच्या शिक्षेचा अर्धा भार त्यांच्यावर आहे आणि त्या त्यानं मारल्या असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. दाराला कडी होती. फट हात जाईल एवढी. वर्षाचा कारवान कितीही सडपातळ असला तरी हात जाईल एवढ्या फटीतून आत शिरून, चार कोंबड्या मारून, पुन्हा तिथूनच बाहेर येईल हे कसं शक्य आहे? शिवाय मुंडकी तेवढी खाऊन धडं मागं ठेवणं ही कुत्र्याची रीत नव्हे. कुत्रं कोंबडी तोंडात धरून हलवतं, पिसं सगळ्या अंगणात होतात, आणि बरेचदा ती न खाताच टाकून दुसरीच्या मागं लागतं. रात्री फटीतून शिरून गळ्यापाशी काम करणारी मंडळी वेगळी: रानमांजर, उदमांजर. ओढ्याकाठी वेड्या बाभळी माजलेल्या असतील तर ती तुमच्या वस्तीपासून लांब नाहीत.

खात्री करायला काही विकत आणावं लागत नाही. संध्याकाळी कोंबड्या डालल्या की चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा पसरा. सकाळी झाडलोट करायच्या आधी ठसे बघा. कुत्र्याच्या पावलात नखांच्या खुणा दिसतात, मांजराच्या पावलात दिसत नाहीत, कारण ते चालताना नखं आत ओढून घेतं. उदमांजर मात्र खरं मांजर नव्हे, त्याच्या ठशात नखंही दिसू शकतात, पण बोटं पाच असतात, कुत्र्याची चार. सलग आठवडाभर बघा. आणि ठसा कुणाचाही निघो, ती फट आजच बुजवा. साखळीची जाळी त्यासाठी कामाची नाही, तिच्या भोकांतून मुंगूससुद्धा आरामात जातो. अर्धा इंची वेल्डमेश घ्या, खाली जमिनीत फूटभर पुरा, म्हणजे उकरून आत येता येणार नाही. पत्रा आणि भिंत यांच्यामधली वरची जागाही बघा, तिकडं बहुतेकांचं लक्ष जात नाही. राजाला घालवलंत आणि फट तशीच राहिली तर पुढच्या महिन्यात पुन्हा चार जातील, आणि मग चंपीवर आळ येईल.

दिवसाच्या तीन कोंबड्या मात्र राजानंच मारल्या. तिथं त्याची वकिली करत नाही. पण त्यानं तसं का केलं हे समजून घेतल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही.

कारवान हे शिकारी कुत्रं. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. पिढ्यान्‌पिढ्या माळावर सशामागं पळण्यासाठी जपलेली ही जात. कर्नाटकातल्या मुधोळचं प्रसिद्ध कुत्रं हिच्याच गोतावळ्यातलं. ते वासापेक्षा नजरेवर चालतं. समोर काही सुसाट पळालं की त्याचे पाय आपोआप सुटतात. पंख फडफडवत, ओरडत, वाकडीतिकडी पळणारी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, ही त्याच्यासाठी केवढी मोठी मोहिनी असेल! उड्या मारणारं करडूही तसंच. यजमानांनी लांडग्याच्या भीतीनं कुत्रा आणला, हेतू चांगला होता. पण पळणाऱ्याला धरणारा कुत्रा आणि पळणाऱ्याला राखणारा कुत्रा ही दोन निराळी कामं आहेत. बाजारात अंगकाठी बघून किंमत ठरते, स्वभाव कुणी विचारत नाही.

आता चटक. हा शब्द आपल्याकडं इतका पक्का बसलाय की त्यापुढं कुणी प्रश्नच विचारत नाही. रक्त चाखल्यानं कुत्र्यात भूत शिरत नाही. तसं असतं तर मटणाच्या दुकानाबाहेरची सगळी कुत्री माणसं फाडत सुटली असती. चटक लागते ती पाठलागाच्या मजेची, आणि त्यातून काही मिळालं तर आणखीच. तुमच्याकडं काय झालं बघा. राजानं कोंबड्या मारल्या, मार बसला, आणि मग त्याच दोन कोंबड्या त्याच्या पुढ्यात पडल्या. सासूबाईंचा हेतू काटकसरीचा होता, मला तो समजतो, पण राजाच्या हिशेबात त्या दिवशी एवढंच जमा झालं की कोंबडी मारली की कोंबडी मिळते. मार त्यानं कोंबडीशी जोडलाच नसणार. कुत्र्याला शिक्षेचा अर्थ लागायचा तर ती त्याच क्षणी व्हावी लागते. अर्ध्या तासानं बसलेल्या माराचा त्याला एवढाच अर्थ कळतो की म्हातारी कधीकधी अंगावर येते. गळ्यात मेलेली कोंबडी बांधण्याचा उपाय खूप जुना आहे आणि खूप वस्त्यांवर करतात. त्यानं कुत्रं घाबरतं, ओशाळल्यासारखं दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं त्याला कळलं. शिवाय कोंबडी मानमोडीच्या रोगानं मेलेली असेल तर ते कुत्रं रोग सगळ्या अंगणात फिरवतं.

इथून पुढं मेलेली कोंबडी, मेलेलं करडू, शेरडाची वार, यातलं काहीही कुत्र्यांना घालायचं नाही. खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरायचं. हा नियम जत्रेच्या बोकडालाही लागू. कच्चं काळीज-फुफ्फुस कुत्र्यांना टाकलं की त्यातल्या गाठींमधून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, आणि अंगणात मातीत खेळणारं पोर ती हातातोंडातून पोटात घेतं. माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात त्या यातूनच. दोन्ही कुत्र्यांना नेमानं जंताचं औषध द्या. किती आणि कधी ते पशुवैद्यकीय दवाखान्यात वजन सांगून विचारा.

चंपीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. ‘जी नुसती भुंकते.’ ताई, राखण म्हणजे दुसरं काय असतं?

माळावर मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांची कुत्री बघितली असतील. सुगी झाली की ते शेतात मेंढरं बसवतात तेव्हा मुद्दाम जाऊन बघा, राजालाही विसरा थोडा वेळ. ती कुत्री मेंढरांतच जन्मतात, डोळे उघडल्यापासून कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपतात. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत जे अंगाला घासतं ते त्याला आपलं वाटतं. लांडगा आला की ती वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी, उभी राहून आभाळ डोक्यावर घेतात, आणि मालक काठी-बॅटरी घेऊन उठतो. लांडग्याशी एकट्यानं झुंजून त्याला मारणं हे कुठल्याच कुत्र्याचं काम नाही, आणि तसं करायला गेलेलं कुत्रं बहुतेक वेळा आपणच फाटतं. काही धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो यासाठीच, मान वाचावी म्हणून. तेव्हा रात्री शेरडांच्या दारात झोपणारी, पान हललं तरी ओरडणारी चंपी ही तुमची राखणदार आहे. फार तर ती म्हातारी झालीय. तिच्या हाताखाली तयार करायला पिल्लू हवं असेल तर ते धनगरांच्या अशा वाड्यावरून आणा, आई-बाप मेंढरांत कसे वागतात ते डोळ्यांनी बघून.

लांडग्याची भीती खोटी नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं, त्याचं माळरान उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा असं पसरलेलं, आणि माळ आहे तिथं लांडगा आहे. पण त्याला अडवते ती भिंत. शेरडांचा निवारा रात्री चारी बाजूंनी बंद, वर पत्रा किंवा जाळी, दाराला खालून फट नाही, एवढं असेल तर कुत्रा नसला तरी करडं सकाळी जागेवर सापडतात. बोरीच्या काट्यांचं कुंपण बाहेरून असेल तर आणखी उत्तम. धोका खरा दिवस मावळताना आणि उजाडताना, चरायला नेलेलं असताना, त्यामुळं अंधार पडायच्या आत शेरडं आत. एवढं करूनही नेलंच एखादं, तर वनविभाग नुकसानभरपाई देतो. मात्र मेलेलं जनावर हलवायचं नाही, फोटो काढायचे आणि 48 तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवून पंचनामा करून घ्यायचा. पुरून टाकलं आणि मग अर्ज केला, असं होऊ देऊ नका.

भावकीतल्या त्या गृहस्थांना विषाबद्दल एकदाच आणि स्पष्ट नाही म्हणा. कुत्र्याला विष घालणं हा गुन्हा आहे, आणि विषाचं आमिष कुत्र्यापुरतं थांबत नाही. चंपी खाईल, कोंबडी टोचेल, पोरीचा हात लागेल. लांडग्यानं खाल्लं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे प्रकरण आणखी वाढेल. हायवेला सोडणं हेही विषच, फक्त ट्रकच्या हातून. नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तीवर जाऊन कोंबड्या मारेल.

राहिले दोन रस्ते, ठेवणं किंवा नीट बघून देणं.

ठेवायचा असेल तर चोवीस तासांची साखळी आधी सोडा. धावण्यासाठी घडलेलं कुत्रं चार फुटांच्या साखळीला, पत्र्याखाली, सोलापूरच्या उन्हात बांधलं की चिडकं होतं. आज करडाला दात लावणारा उद्या पोरीला लावेल तो या साखळीमुळं. सोलापूरच्या माणसाला पाळी म्हणजे काय हे सांगायला नको: राजाला रात्रपाळी द्या, कोंबड्यांना दिवसपाळी. दिवसा राजा लिंबाच्या सावलीत, दोन झाडांमध्ये उंचावर ताणलेल्या तारेवर कडी सरकेल अशा लांब दोरीला, पाण्याचं घमेलं तोंडाशी. दोरी शेवटच्या झाडाला गुंडाळली जाणार नाही एवढं बघा. कोंबड्या बाहेर. संध्याकाळी कोंबड्या आणि शेरडं कडीकुलपात गेली की राजा मोकळा, कुंपणाच्या आत. एवढ्या एका व्यवस्थेनं तुमचा निम्मा प्रश्न सुटतो, आणि शिकवण्यात कुणाला यश आलं नाही तरी कोंबड्या वाचतात.

शिकवायचं असं. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी राजाला लांब दोरावर बांधाबांधानं दमेपर्यंत फिरवून आणा. दमलेलं कुत्रं ऐकतं. मग कोंबड्या जाळीच्या पलीकडं, राजा अलीकडं, बराच लांब, दोर हातात, खिशात भाकरीचे तुकडे किंवा उकडलेलं अंडं. तो कोंबडीकडं बघेल. काही बोलू नका. ज्या क्षणी नजर वळवून तुमच्याकडं बघेल त्या क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. अंग ताठ झालं, कान पुढं आले, पाय उचलला, म्हणजे तुम्ही जास्त जवळ आहात. ओरडायचं नाही, मागं सरकायचं. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आठवड्या-आठवड्यानं अंतर कमी करत न्या. मग जाळीशिवाय, पण दोर हातात. असल्या जातीचं डोकं थंड व्हायला दीड-दोन वर्षांचं वय उजाडतं, आणि काही कुत्री कोंबड्यांत एकटी सोडण्याजोगी कधीच होत नाहीत. शेरडं विणार असतील तेव्हा त्याला तिथून लांबच ठेवा. वारेचा वास आणि ओलं, धडपडणारं करडू ही परीक्षा त्याला नको. जवळच्या दवाखान्यात खच्चीकरणाचंही विचारा, भटकणं कमी होतं.

मुलीपुरतं वेगळं. तिला राजाजवळ एकटी सोडायचं नाही, विशेषतः तो खात असताना किंवा बांधलेला असताना. दोन्ही कुत्र्यांना रेबीजची लस दर वर्षी. कुणालाही दात लागला, नुसता ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. हळद-तिखट भरायचं नाही.

आता हे सगळं वाचून तुम्हाला जे वाटलं असेल ते मीच लिहितो: ‘आणि हे करायचं कुणी?’ तुमच्या पत्रात शेरडांची धार, चारा, खुराडं, अंडी बाजाराला नेणं, सासूबाईंचे गुडघे, मुलगी, सगळं तुमच्याकडं आहे. राजा ठेवायचा हा निर्णय मात्र फोनवरून झाला. यजमानांवर मी राग काढत नाही, कारखान्यात दिवसभर उभं राहून माणूस थकतो. पण ज्यानं कुत्रा आणला त्यानं त्याला शिकवायचं, एवढं सरळ आहे. त्यांच्याशी राजा चांगला की वाईट यावर वाद घालू नका, काम वाटून घ्या. सुट्टीच्या दिवशी सकाळचं फिरवणं आणि कोंबड्यांपुढचा सराव त्यांचा. तार ताणणं, जाळी पुरणं त्यांचं. इतर दिवशी तुम्ही फक्त एकदा, दहा मिनिटं. तीन महिने असं करून बघा. त्यांना जमणार नसेल तर राजा जाईल, आणि तो कुठं जाईल हे शोधण्याचं कामही त्यांचंच. कोंबड्या-शेरडं नसलेली, नीट कुंपण असलेली बाग, तिथं राहणारं माणूस, असं ठिकाण मिळालं तर राजाचं भलं होईल. देताना त्यानं काय केलं ते लपवू नका.

सासूबाईंना चुकीचं ठरवायला जाऊ नका. त्यांनी हयात या जनावरांत काढलीय, आणि कोंबडी गेली की पहिला जीव त्यांचा तुटतो. राखेचं काम त्यांच्याकडं द्या. सकाळी ठसा त्यांनीच ओळखू दे. माझं काय, तुमचं काय, कुणी सांगून त्यांना पटणार नाही ते राखेनं पटेल.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, मला ती लांडग्यापेक्षा मोठी वाटली. गेल्या पावसाळ्यात तीन करडं ‘हगवण लागून’ एका आठवड्यात गेली. लांडग्यानं तुमचं आजवर एकही नेलेलं नाही. पहिल्या पावसानंतर लुसलुशीत गवतावर तुटून पडलेली करडं आंत्रविषार या आतड्याच्या रोगानं अशीच पटापट जातात. त्याची लस पावसाआधी, म्हणजे आत्ताच, टोचून घ्यायची. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस झाली नसेल तर तीही. ती एकदा दिली की साधारण तीन वर्षं बघायला नको, मात्र नवीन करडं तीन-चार महिन्यांची झाली की त्यांना द्यायची. कोंबड्यांना मानमोडीची. दवाखाना लांब असेल तर 1962 या नंबरवर फोन करा, फिरत्या पथकाबद्दल तिथं माहिती मिळते.

खुडूक कोंबड्यांचं: एप्रिल-मेच्या उन्हात साठवलेली अंडी लवकर बिघडतात, उबवण कमी निघते. थांबता येत असेल तर थांबा. दोन्ही हटूनच बसल्या असतील तर एकीलाच बसवा, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. पाटीत चार बोटं वाळू, त्यावर गोणपाट, मग कडब्याचा भुसा. वाळू कडेनं रोज थोडी ओली करायची, अंड्यांना ओल लागू द्यायची नाही. अंडी चार-पाच दिवसांच्या आतली, दहा-बारा पुरेत. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरीवर धरून बघा, आत लाल शिरा दिसत नाहीत ती काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील, त्यांना दीड-दोन महिने डालग्याखाली आणि जाळीतच ठेवा. राजा तोवर कितीही शहाणा झालेला असो.